साहेबांचा पगार कंपन्या लपवतात का? एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव, धुळे, अमळनेरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मोठ्या कंपन्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार कुठेच जाहीर करत नाहीत, वर्तमानपत्रांत येणारे आकडे आतल्या माणसांनी फोडलेले असतात, सामान्य माणसाला ते हवे असतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागतो, छापलेला आकडाही खोटा असतो, कारण खरा पैसा शेअरच्या रूपात दिला जातो, आणि छोट्या भागधारकाला उत्तर देण्यास कंपनी बांधील नसते. ज्या अमळनेरात १९४५ साली विप्रोचा पाया घातला गेला आणि जिथे आजही कित्येक घरांत तिचे शेअर वडिलोपार्जित ठेव म्हणून जपलेले आहेत, तिथे हा मजकूर बिनदिक्कत पुढे पाठवला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुठेच जाहीर होत नाही, हे पहिले विधान सरळ चुकीचे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ (१२) नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, प्रत्येक संचालकाचे वेतन हे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणाऱ्या पगाराच्या) किती पट आहे, ते संचालक मंडळाच्या अहवालात द्यावे लागते. त्या कायद्याखालच्या वेतनविषयक नियमांतील नियम ५ नुसार संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य वित्त अधिकारी व कंपनी सचिव यांच्या वेतनात वर्षभरात किती टक्के वाढ झाली आणि मध्यक वेतनात किती झाली, हेही सांगावे लागते. रुपयांतला आकडा बहुधा त्याच वार्षिक अहवालातील कंपनी सुशासनाच्या प्रकरणात सापडतो, कारण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेच्या २०१५ च्या नियमावलीने संचालकांचा पगार, भत्ते, बोनस, स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) आणि निवृत्तिवेतन यांचा तपशील तिथे मागितला आहे. हे अहवाल मुंबई शेअर बाजार, राष्ट्रीय शेअर बाजार आणि कंपनी यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य असतात. बांभोरीला नोंदणीकृत कार्यालय असलेल्या जैन इरिगेशनचा अहवाल पाहण्यासाठीसुद्धा जळगावच्या माणसाला बांभोरीपर्यंत जावे लागत नाही.

यावरून दुसऱ्या विधानाचेही उत्तर मिळते. वर्तमानपत्रांतले आकडे बहुतेक वेळा याच पानांवरून उचललेले असतात. विप्रोच्या बाबतीत तर आणखी एक दस्तऐवज आहे. तिचे शेअर डिपॉझिटरी पावत्यांच्या (परदेशी बाजारात शेअरऐवजी विकल्या जाणाऱ्या पावत्यांच्या) रूपाने २००० सालापासून न्यूयॉर्कच्या बाजारात असल्यामुळे ती अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे दरवर्षी ‘फॉर्म २०-एफ’ दाखल करते, त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा स्वतंत्र भाग असतो, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट वाचता येतो.

माहितीच्या अधिकाराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो कायदा सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे. खासगी मालकीच्या कंपनीकडे तसा अर्ज केला तर तो निष्फळ ठरेल, आणि नोंदणीकृत कंपनीच्या बाबतीत त्याची गरजही नाही.

छापलेला आकडा खोटा असतो, हे चौथे विधान मात्र विचार करण्यासारखे आहे, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. शेअरच्या रूपातला मोबदला लपवलेला नसला तरी तो वाचायला अवघड असतो. आज दिलेल्या ऑप्शनची किंमत कंपनी लेखांकनाच्या नियमाने काढते आणि ती पुढच्या काही वर्षांच्या खर्चात विभागून टाकते. अधिकारी ते ऑप्शन तीन-चार वर्षांनी वापरतो, तेव्हा बाजारभाव आणि त्याने भरलेली किंमत यांतला फरक त्याचे करपात्र उत्पन्न ठरतो. हे दोन आकडे क्वचितच जुळतात. म्हणून एका वर्षी अवाढव्य दिसणारा पगार हा प्रत्यक्षात आधीच्या काही वर्षांत मिळालेल्या ऑप्शनचा एकत्रित हिशेब असू शकतो, आणि याच्या उलटही घडते. कोष्टकाखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत कोणती पद्धत वापरली ते दिलेले असते. ती टीप न वाचता दोन कंपन्यांची तुलना करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय सेबीच्या नियमांनुसार प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मालक, आणि त्यांच्या गटातील व्यक्ती सर्वसाधारणपणे अशा योजनेस पात्रच नसतात. तेव्हा आपल्याकडच्या घराणेशाही कंपन्यांत शेअरच्या मागे धावण्यापेक्षा संचालकांच्या वेतनातला कमिशनचा रकाना आणि संबंधित पक्षांशी (मालकांचे नातेवाईक, त्यांच्या इतर कंपन्या यांच्याशी) झालेल्या व्यवहारांची टिपण्णी पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

खरे तर आक्षेप घ्यायचा होता तो मध्यकावर घ्यायला हवा होता. ठेकेदारामार्फत आलेले कामगार कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, त्यामुळे ते या हिशेबात येत नाहीत, आणि साहेब व कामगार यांच्यातले अंतर कागदावर प्रत्यक्षाहून कमी दिसते. ज्या भागात कारखान्याचे दार उघडले की निम्मी माणसे ठेकेदाराची निघतात, तिथे ही उणीव लहान नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा मुद्दा मात्र मांडलेलाच नाही.

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. डाळमिल, जिनिंग किंवा तत्सम खासगी मर्यादित कंपन्यांना, त्यांचे शेअर बाजारात नसल्यामुळे, हे गुणोत्तर छापण्याचे बंधन नाही. त्यांच्यापुरते फॉरवर्डचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्याने तसा भेद केलेला नाही.

भागधारकाला उत्तर मिळत नाही, हे शेवटचे विधान सर्वांत नुकसानकारक आहे, कारण ते खरे मानणारा माणूस विचारायचेच सोडून देतो. सर्वाधिक वेतनाच्या दहा कर्मचाऱ्यांची, तसेच वर्षाला १ कोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांची यादी नियम ५ (२) खाली तयार करावीच लागते. मात्र अहवाल पाठवताना ती वगळण्याची मुभा असल्याने छापील प्रतीत ती बहुधा दिसत नाही. भागधारकाने कंपनीकडे लेखी मागणी केली तर ती मिळते. परदेशात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या तपशिलासाठी तर नियमात मुदतही आहे : मागणी सर्वसाधारण सभेच्या आधी केली तर तीन दिवस आणि सभेनंतर केली तर सात दिवस. शेअर एकच असला तरी हा हक्क आहे. मागणी कंपनी सचिवाच्या नावे करावी, तीत आर्थिक वर्ष, फोलिओ (कागदी शेअरच्या खात्याचा क्रमांक) किंवा डिमॅट खात्याचा क्रमांक आणि ‘नियम ५ (२) खालील तपशील’ एवढा उल्लेख असावा. पत्ता अहवालातील भागधारकांसाठीच्या सर्वसाधारण माहितीत छापलेला असतो.