"घरी जोडलेलं हेलिकॉप्टर फॅक्टरीच्या हेलिकॉप्टरइतकंच सेफ": या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या एक व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. परदेशातला एक माणूस गॅरेजमध्ये खोकी उघडतो, हेलिकॉप्टर जोडतो आणि उडवतो. खाली मेसेज असा: पार्ट फॅक्टरीचेच असतात त्यामुळे भरवसा तेवढाच, उलट स्वतः जोडल्याने नट न् नट माहीत असतो म्हणून जास्तच सेफ, इंजिन बंद पडलं तरी ऑटोरोटेशनने (नुसत्या हवेवर पाती फिरत राहून) अलगद उतरतं, अपघात होतात ते पायलटच्या चुकीने, आणि लायसन्सची भानगडच नाही. मला ही मशीन मनापासून आवडतात. रोटरवे, सफारी, मॉस्किटो, इटलीचं सीएच-७, या किट हेलिकॉप्टरांच्या (सुटे पार्ट घेऊन घरी जोडायच्या) मागे खरं इंजिनिअरिंग आहे. पण हा मेसेज वाचून कुणीतरी पोरगा उद्या सेकंडहँड किट शोधायला लागेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, "पार्ट फॅक्टरीचेच". पार्ट फॅक्टरीतून येतात हे बरोबर, पण हेलिकॉप्टरचा भरवसा नुसत्या पार्टवर नसतो, तो पार्ट किती तास टिकणार हे कुणी तपासलंय का यावर असतो. मेन रोटर (वरचा मोठा पंखा) मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे तासाला तीस हजार फेरे. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या तोंडावर असतं आणि दुसऱ्या बाजूचं पाठमोरं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पात्याच्या मुळाशी, पिच लिंकवर (पात्याचा कोन बदलणारा दांडा), हबवर (पाती जिथे जोडतात तो मधला भाग) लोड कमीजास्त होतो. १०० तासांत हे तीस लाख वेळा होतं. तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहिलं की ती आधी काहीच कुरकुर करत नाही आणि मग एकदम तुटते, धातूचा फटीग तोच. म्हणून रॉबिन्सन आर-२२ सारख्या सर्टिफाइड (सरकारने तपासून मान्यता दिलेल्या) मशीनला २२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल तेव्हा, ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) सांगितलाय, आणि आयुष्य संपलेली पाती दिसायला कितीही छान असली तरी काढायचीच. एक्सपेरिमेंटल, म्हणजे अशी मान्यता नसलेल्या, किटच्या कंपनीला हे सगळं सरकारपुढे सिद्ध करून दाखवायची सक्ती नाही. चांगल्या कंपन्या स्वतःहून टेस्ट करतात, लिमिट देतात, पण तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग झाला.

उदाहरणच बघा. जुन्या रोटरवे एक्झेकमध्ये इंजिनची पॉवर बेल्टने एका मधल्या शाफ्टला जाते, त्याला सेकंडरी शाफ्ट म्हणतात, तिथून तेलात बुडालेल्या चेनने मेन रोटरला, आणि टेल रोटरपर्यंत (शेपटीचा छोटा पंखा) बूममधून, म्हणजे शेपटीच्या नळीतून, एकामागे एक तीन व्ही-बेल्ट. तो सेकंडरी शाफ्ट आणि त्याची बेअरिंग हा या मशीनचा नाजूक भाग, इतका की बऱ्याच मालकांनी बाहेरून जाड शाफ्ट घेऊन बसवले. पुढे ए६०० टॅलन मॉडेलमध्ये कंपनीने चेन काढून दातेरी बेल्ट दिला. ज्यांच्याकडे एक्झेक आहे ते बेअरिंगवर चिकटवलेली टेम्परेचरची पट्टी बघतात, चेनच्या तेलात चमकणारा चुरा आलाय का बघतात, बेल्टखाली काळी पूड साठलीय का, नटावर ओढलेली टॉर्कसीलची रंगीत रेघ सलग आहे की मध्येच सरकलीय (म्हणजे नट ढिला झालाय), हे सगळं पुन्हापुन्हा. व्हिडिओत यातलं एक सेकंदही दाखवलेलं नाही.

"जोडणाऱ्याला नट न् नट माहीत असतो." असतो, पण त्याची चूकही त्यालाच दिसत नाही, कारण तपासणारा तोच. शिवाय ही मशीन विकली जातात, आणि घेणाऱ्याला एकही नट माहीत नसतो. अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०११ मधल्या घरगुती बांधणीच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास करून २०१२ मध्ये रिपोर्ट काढला (यात बहुतेक साधी विमानं, हेलिकॉप्टर थोडी). त्यात निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली निघाली. तिथल्या छोट्या खासगी विमानांत यांचा वाटा साधारण १० टक्के, पण जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. आणि जाणकारीचंच म्हणाल तर रोटरवेचे संस्थापक बी. जे. श्राम यांच्याइतकी कुणाला असणार, ते २००४ मध्ये स्वतः डिझाइन केलेल्या हेलिसायकलच्याच अपघातात गेले.

ऑटोरोटेशन. हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण अर्धा खरा आहे. इंजिन बंद पडलं की खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो आणि शेवटी फ्लेअर करून (नाक वर उचलून वेग मारून) उतरता येतं, बरोबर. पण हलक्या हेलिकॉप्टरची पातीही हलकी, त्यांच्यात फिरण्याच्या जोराचा साठा कमी, आर-२२ मध्ये कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. रोटर आरपीएम (मिनिटाचे फेरे) नेहमीच्या साधारण ८० टक्क्यांखाली गेला की पाती स्टॉल होतात, म्हणजे उचलणंच सोडतात, आणि तिथून परत काही नाही. शंभर फुटांवर हॉवर करताना (हवेत एका जागी थांबलेले असताना) इंजिन गेलं तर ना वेग आहे ना उंची, व्हिडिओतला माणूस बराच वेळ नेमका तिथेच लटकलेला आहे. टेल रोटर गेला तरी पायलट ऑटोरोटेशनच करतात, टॉर्क (मशीनला उलटं गरगर फिरवणारा इंजिनचा जोर) घालवायला, पण त्यालाही उंची आणि वेग लागतो. आणि पिच लिंक सुटली किंवा पातं तडकलं तर ऑटोरोटेशन करायला रोटरच उरत नाही. अलगद वगैरे काही नसतं, ते शिकावं लागतं, इन्स्ट्रक्टरबरोबर, वारंवार.

"अपघात पायलटच्या चुकीने." एनटीएसबीच्या त्याच रिपोर्टमध्ये इंजिनचा बिघाड आणि हवेत कंट्रोल सुटणं, ही दोन्ही कारणं वरच्या नंबरला आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुणाने मारुती ८०० चं इंजिन लावून स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं, चाचणी घेताना मागचा पंखा तुटून मेन रोटरवर आदळला, पातं डोक्याला लागलं आणि तो गेला. ते किट नव्हतं, किट त्यापेक्षा कितीतरी पुढे असतं हे मान्य. पण त्या अपघातात उडवण्याच्या चुकीचा संबंध कुठे आला? एवढं डोकं असलेल्या पोराच्या शेजारी बॅलन्सिंग करून देणारं, थांब म्हणणारं कुणी नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं.

लायसन्सचं थोडक्यात. लायसन्स न लागण्याची ती सूट अमेरिकेतली, तीही एक सीट, रिकामं वजन ११५ किलोच्या आत, पेट्रोल १९ लिटर, दिवसाउजेडी आणि वस्तीपासून लांब अशा अल्ट्रालाइटपुरती. दोन सीटच्या रोटरवेला तिथेही लायसन्स लागतं, आणि सुरुवातीचे साधारण ४० तास ठरलेल्या एरियात पॅसेंजर न घेता उडवून दाखवावे लागतात. आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं रजिस्ट्रेशन, परमिट आणि पायलटचं लायसन्स तिन्ही लागतात. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः पायलट, त्यांनाही रजिस्ट्रेशन २०१७ मध्ये मिळालं आणि उडवायची परवानगी २०१९ मध्ये.

तरी कुणाला घ्यायचंच असेल तर टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याकडे बांधणीचं लॉगबुक फोटोंसकट मागा, पाती आणि सेकंडरी शाफ्टचे तास लेखी मागा, शेवटचं ट्रॅक-बॅलन्स (पाती एका पातळीत आणि समतोल फिरतात ना, ही तपासणी) कधी आणि कुणी केलं ते विचारा, आणि तो "नवीनच आहे, फार उडवलंच नाही" म्हणाला तर मशीन किती वर्षं उभं होतं आणि त्या काळात बेल्ट बदलले का, हेही विचारा.