८० अंशांची भीती आणि उघडं कॅबिनेट

घरी जोडलेला पीसी तापतोय असं कुणी म्हणायचा अवकाश, एक मजकूर लगेच त्याच्याकडे येऊन पडतो. थोडक्यात तो असा: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला म्हणजे जळायच्या वाटेवर आहे. थर्मल पेस्ट दर सहा महिन्यांनी बदला आणि सढळ हाताने लावा. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा. मावतील तेवढे पंखे बसवा. तरीही भागलं नाही तर लिक्विड कूलर घ्या. आणि पीसी मध्येच बंद पडत असेल तर तो तापल्यामुळेच.

हे साफ खोटं असतं तर सोपं होतं. पण यातला प्रत्येक उपाय कधीतरी कुणालातरी लागू पडलाय, म्हणून तर तो टिकून आहे. माझी तक्रार वेगळी आहे. उष्णता अडलीय कुठे हे विचारायच्या आधीच इथे खरेदीची यादी हातात दिली जाते.

आधी तो ८० चा आकडा. एके काळी त्यात तथ्य होतं. एएमडीच्या एफएक्स-८३५० या जुन्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ६१ अंशांच्या आसपास दिलेली होती, तिथे ८० म्हणजे खरंच धोक्याची घंटा. आज इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या प्रोसेसरची रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणं रचनेतच धरलंय, असं एएमडीनेच सांगितलं. हे प्रोसेसर वाव मिळेल तोवर वेग वाढवत नेतात आणि वीज किंवा तापमान, जी मर्यादा आधी लागेल तिथे थांबतात. तापमानाची मर्यादा लागली की वेग उतरतो. त्याहीपुढे गेलं तर चिप स्वतःला बंद करून घेते. जळायला तिला इतकी सहज परवानगी नाही.

सगळ्यांना एक मोजपट्टीही चालत नाही. त्याच ७००० मालिकेतल्या ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे. आणि दिसणारा आकडा दर वेळी खरा असतो असंही नाही. २०१७ चे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स खऱ्या तापमानात २० अंश मिळवून कळवायचे. त्या न तापलेल्या २० अंशांपायी किती जणांनी कूलर बदलले असतील, देव जाणे.

तेव्हा ‘किती’च्या जोडीला ‘कधी’ आणि ‘किती वेळात’ हेही बघा. नुसता डेस्कटॉप समोर असताना ८० दिसत असेल तर काळजी करा. व्हिडिओ रेंडर करताना ८५ दिसतंय आणि वेग बेस क्लॉकच्या (प्रोसेसरच्या ठरलेल्या मूळ वेगाच्या) वर टिकून आहे, तर खुशाल काम चालू द्या.

‘किती वेळात’ हा प्रश्न त्या मजकुरात कुठेच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच चाचणी लावा आणि तापमानाचा आलेख कसा चढतो ते बघा. दोन-तीन सेकंदांत मर्यादेला भिडला, तर उष्णता चिपमधून कूलरपर्यंतच पोचत नसण्याची शक्यता मोठी: कूलर नीट टेकलेला नाही, तळाची प्लॅस्टिकची फिल्म तशीच राहिलीय, नाहीतर लिक्विड कूलरचा पंप बंद आहे. (मुद्दाम ९५ पर्यंत जाणाऱ्या प्रोसेसरच्या बाबतीत तो किती वॉट वीज खातोय तेही बघा. ठरलेल्या वॉटच्या निम्म्यावरच मर्यादा लागत असेल तर गडबड आहे.) उलट तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिलं, तर कूलर आपलं काम करतोय, पण त्याला मिळणारी हवाच गरम आहे. पहिल्या प्रकारात पंखे वाढवून काही होत नाही, आणि दुसऱ्यात पेस्ट बदलून.

पेस्टचं काम काय, तर प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ यांच्यातल्या बारीक फटींमधली हवा हटवणं. तांब्याची उष्णतावहन क्षमता ४०० च्या घरात, चांगल्या पेस्टची एक आकडी किंवा जेमतेम दोन आकडी, आणि हवेची ०.०२६. म्हणजे हवेपुढे पेस्ट राजा, तांब्यापुढे भिकारी. दाट थर देऊन काहीच मिळत नाही. मात्र ‘जास्त पेस्ट लावली की पीसी गेलाच’ ही उलटी भीतीही फुकाची आहे. साधी, वीज न वाहणारी पेस्ट असेल तर जादा माल दाबाने कडेला येतो, पुसायचा त्रास तेवढा वाढतो. कमी पडली तर मात्र खरा घोटाळा.

आणि दर सहा महिन्यांनी? बरी पेस्ट काही वर्षं आरामात जाते. विनाकारण कूलर काढणं म्हणजे तो वाकडा बसण्याची आणखी एक संधी. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. काढायचाच असेल तर आधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट नरम होऊ द्या, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

मी स्वतः एकदा याच फेऱ्यात अडकलो होतो. पेस्ट तीनदा बदलली, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लावली, तापमान जागचं हललं नाही. चौथ्यांदा कूलर उचलला तेव्हा पहिल्यांदा त्यावरच्या ठशाकडे नीट बघितलं. एका बाजूला पेस्ट पातळ, खालची धातू दिसेल इतकी दाबलेली, आणि समोरच्या बाजूला टाकली तशी टेकडी, वर नुसता चपटा डाग. कूलर तिरका टेकत होता. पाकिटात दोन सॉकेटांसाठी दिसायला सारखेच स्पेसर (कूलर ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) होते आणि माझ्या चारपैकी दोन दुसऱ्याच सॉकेटचे, जेमतेम एका मिलिमीटरने उंच. पेस्ट बिचारी तीनही वेळा तेच सांगत होती, मी पुसून टाकत होतो.

उघड्या कॅबिनेटचा सल्ला तपासणी म्हणून उत्तम आहे, इलाज म्हणून नाही. बाजू काढल्यावर तापमान चांगलं खाली आलं तर हवा खेळत नाहीये हे सिद्ध झालं. फरक पडला नाही तर दोष कूलरच्या बाजूला. निकाल लागला की बाजू परत लावा, कारण उघड्यावर फिल्टरला वळसा घालून धूळ थेट हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बसते.

पंख्यांच्या संख्येपेक्षा दिशा महत्त्वाची. बहुतेक पंख्यांची हवा ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या पट्ट्या असतात तिकडून बाहेर पडते. खात्री नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा, पुढच्या जाळीला चिकटायला हवी. पुढे सगळी काच असलेल्या कॅबिनेटमध्ये तीन पंखे लावणं म्हणजे उशीत तोंड खुपसून धावणं. आणखी एक, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही: ग्राफिक्स कार्ड. ३०० वॉटचं कार्ड आपली बहुतेक उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं आणि सीपीयूचा कूलर तीच हवा ओढतो. नुसत्या सीपीयूच्या चाचणीत सगळं ठीक आणि गेममध्ये सीपीयू तापतो, असं असेल तर सीपीयूच्या कूलरला दोष देऊ नका.

लिक्विड कूलरबद्दल फार लिहीत नाही. पाणी थंडी तयार करत नाही, उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं. तेही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. शिवाय पंप हा बिघडू शकणारा एक जादा भाग. तो रेडिएटरच्याही वर, सगळ्यांत उंचावर येईल असा बसवला तर लूपमधली हवा त्याच्यातच साठते.

‘मध्येच बंद पडतो म्हणजे तापलाच’ हेही घाईचं निदान. तापलेला प्रोसेसर आधी वेग उतरवतो. आलेखात ७० दिसत असताना, गेममध्ये एकदम काळोख होऊन पीसी बंद पडला, तर आधी पॉवर सप्लायकडे बघा. विंडोजच्या नोंदींत दिसणारा कर्नल-पॉवर ४१ तापमानाबद्दल काहीच सांगत नाही. पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यांत गंमत म्हणजे ज्याला एक छदामही लागत नाही तो उपाय या मजकुरात नाहीच. कोअर आय९-१३९००के ची कमाल टर्बो पॉवर २५३ वॉट आहे, पण काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ही मर्यादा मुळातच ४०९६ वॉट घातलेली सापडते, म्हणजे मर्यादाच नाही. तिथे २५३ लिहा. रायझनमध्ये कमी वीज खाणारा इको मोड आहे: ७७००एक्स एरवी १४२ वॉटपर्यंत खातो, ६५ वॉटच्या इको मोडमध्ये ८८ पर्यंत. गेममध्ये फरक सहसा जाणवतही नाही, आणि पंखे मात्र लगेच शांत होतात.