हुकमाचे हसू आणि आपले हसू : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

हसण्याच्या फायद्यांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. सोलापूरच्या नवी पेठेतील साडीच्या दुकानात आपण रोज दहा तास उभ्या असता, गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडायला लावून काही न घेता उठले तरी हसू ढळू द्यायचे नाही अशी मालकांची ताकीद असते, आणि रात्री गाल दुखतात, डोके ठणकते, असे आपण लिहिले आहे. या हसण्याने तब्येत सुधारली की बिघडली, हा आपला प्रश्न; आणि तोंडात पेन धरण्याचा जो प्रयोग मी पुरावा म्हणून दिला तो पुढे टिकला नाही असे आपला मुलगा सांगतो, हा आक्षेप.

आधी आक्षेपाविषयी. मुलाचे म्हणणे बरोबर आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी काही जणांना पेन दातांत आणि काहींना ओठांत धरायला सांगून व्यंगचित्रे दाखवली. दातांत पेन धरल्याने चेहरा नकळत हसरा होतो, आणि त्या गटाला चित्रे जास्त गमतीची वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. हे मी लेखात सांगायला हवे होते. मात्र गोष्ट तेथे संपत नाही. २०२२ मध्ये १९ देशांतील ३,८७८ लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात हसरा चेहरा पाहून तसा चेहरा केल्यावर, किंवा ओठांचे कोपरे मुद्दाम वर ओढल्यावर, लोकांना थोडे अधिक आनंदी वाटले. पेनाच्या पद्धतीबाबत मात्र निष्कर्ष स्पष्ट निघाला नाही. म्हणजे परिणाम आहे, पण लहान आहे आणि त्या काही क्षणांपुरता मोजलेला आहे. त्याच्या आधारावर 'रक्तदाब कायमचा आटोक्यात येतो' आणि 'आयुष्य वाढते' असे लिहिणे हा माझा उतावीळपणा होता. ही दोन्ही विधाने मी मागे घेत आहे.

आता आपला प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रयोगातील माणूस काही मिनिटे हसतो आणि घरी जातो. आपण दहा तास हसता, तेही आतून राग आलेला असताना आणि नोकरीच्या काळजीने. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये अशा हसण्याला 'भावनिक श्रम' म्हटले, कारण ते पगाराच्या बदल्यात द्यावे लागते. मनातले दाबून वरवर हसण्याचा आणि कामाच्या थकव्याचा संबंध त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसला आहे. त्यामुळे आपला थकवा हा मनाचा खेळ नाही, आणि 'मनापासून हसा म्हणजे त्रास होणार नाही' असा सल्ला मी आपल्याला देणार नाही. ओझे वाहणाऱ्याला ओझ्यावर प्रेम कर असे सांगण्यासारखे ते होईल.

आपल्या प्रतिक्रियेतील शेवटचे वाक्य मात्र मी वहीत उतरवून घेतले आहे : 'आम्ही खरे हसतो ते मालक जेवायला गेल्यावर, गादीवर साड्यांच्या घड्या घालताना.' ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की इतरांबरोबर खळखळून हसल्यानंतर माणसाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढते. सोलापूरकरांना हे नवे वाटू नये. आमच्या पूर्व भागातील गल्लीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका तेलुगू आणि मराठी मिसळून एकमेकींची जी थट्टा करतात, तिने मजुरी वाढत नाही आणि तंबाखूची धूळही कमी होत नाही. पण पाठीला रग लागलेली असताना उरलेली पाने संपवण्याचे बळ त्यांना त्या थट्टेतून मिळते, असे त्यांच्याच तोंडून मी ऐकले आहे.

लेख लिहिताना माझ्यासमोर चेहरा होता, सोबत नव्हती. सुधारलेल्या लेखाची सुरुवात मालक जेवायला गेल्यानंतरच्या त्या अर्ध्या तासापासून करावी असा विचार आहे. दुकानाची ओळख पटेल असे काहीही त्यात नसेल. तरीही आपली संमती असेल तरच ते वाक्य वापरीन.