तो मोबाइल आता खाली घ्या!

हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताचे मोठे बँड नागपुरात येत नाहीत, हे आम्ही केव्हाच पत्करले आहे. आयर्न मेडन २००७ मध्ये बंगळूरुला आला, मेटॅलिका २०११ मध्ये तिथेच वाजवून गेला. म्हणजे इथल्या चाहत्याने रजा टाकायची, आरक्षण मिळवायचे, हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करायचा आणि एवढे करून शेवटी पाहायचे काय, तर पुढच्या माणसाचा मोबाइल? गिटारचा पहिला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजताच शेकडो मोबाइलचे पडदे वर उजळतात आणि मंच दिसेनासा होतो. गिटारवादकाची बोटे नाहीत, ड्रमर तर नाहीच नाही! डबल बेसचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा, जो मारा थेट छातीवर आदळतो, तो त्या इवल्याशा माइकमध्ये मावतो तरी का? एवढा आवाज त्याला पेलत नाही, घरी येते ती निव्वळ खरखर, आणि ती पुन्हा कोण ऐकणार आहे? सर्वांत संताप येतो तो मॉश पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, चित्रण करणाऱ्यांचा. तिथे कोणी पडला, तर आजूबाजूच्यांनी त्याला तत्काळ उचलायचे, हा मेटलवाल्यांचा जुना नियम आहे. एक हात मोबाइलला देऊन बसलेला माणूस कोणाला उचलणार? एका गाण्याचे चित्रण करा, हवे तर दोन गाण्यांचे करा, पण गिटारवादकाचे एकट्याचे वादन, म्हणजे सोलो, सुरू झाल्यावर तरी तो हात खाली घ्या!