बंद काचा, ड्राय आइस आणि काकांची पद्मिनी

गेल्या रविवारी सकाळी काकांचा फोन आला आणि त्यांनी विचारले, "लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना तो पांढरा धूर सोडतात ना, तो बर्फ पुण्यात कुठे मिळतो गं?" नातवाची मुंज अकोल्याला आहे, तेव्हा बटूच्या स्वागतासाठी काही थाट चालला असावा, असे समजून मी हसले. तो बर्फ मांडवासाठी नसून गाडीसाठी हवा आहे, हे कळल्यावर हसू थांबले. काकांकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, ती त्यांनी जिवापाड सांभाळली आहे आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंना मागे बसवून ते त्याच गाडीने पुण्याहून अकोल्याला जाणार आहेत. गाडीत एसी नाही, म्हणून कोणीतरी त्यांना एक फॉरवर्ड पाठवला होता. तो एव्हाना आमच्या तिन्ही कौटुंबिक ग्रुपवर फिरला असून त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आहे.

‘एसीशिवाय गारेगार: जुन्या गाडीवाल्यांसाठी सात सूत्रे’ असे त्याचे शीर्षक आहे आणि खाली ‘एका निवृत्त अभियंत्याचा चाळीस वर्षांचा अनुभव’ एवढीच ओळख आहे. काचा पूर्ण बंद ठेवून आत पाच किलो बर्फाची लादी ठेवावी. साधा बर्फ गाडी ओली करतो, म्हणून शक्यतो तीन-चार किलो ड्राय आइस घ्यावा आणि त्यावर थोडे पाणी शिंपडत राहावे. खिडकीला ओला पंचा लावल्यास तापमान पंधरा अंशांनी उतरते. पाणी कमी प्यावे म्हणजे घाम कमी येतो. खिशात कांदा ठेवावा. इंजिन तापल्यास हीटर चालू करावा. आणि तरीही तापल्यास लगेच रेडिएटरचे झाकण काढून गार पाणी ओतावे, अशी ही सात सूत्रे आहेत.

यांपैकी ड्राय आइसचे सूत्र माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून सर्वांत आधी तेच घेते. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८ अंशांना वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो, आणि ‘गाडी ओली होत नाही’ हा त्याचा गुण म्हणून सांगितला आहे तो याच कारणाने. मात्र तो वायू जातो कुठे, हे अभियंतामहाशयांनी सांगितलेले नाही. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून अधिक वायू तयार होतो आणि पद्मिनीसारख्या लहान गाडीच्या आतली सगळी हवा धरली तरी ती अडीच-तीन हजार लिटरच्या आसपास भरेल. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. तो ४ टक्क्यांवर गेला की ती जागा जिवाला तत्काळ धोक्याची मानली जाते. बंद गाडीत ही पातळी गाठायला दोनशे ग्रॅम ड्राय आइससुद्धा पुरे आहे, आणि मेसेज सांगतो तीन-चार किलो. शिवाय पाणी शिंपडायला सांगितले आहे, म्हणजे जो वायू काही तासांत हळूहळू सुटला असता, तो काही मिनिटांत सुटावा!

जुन्या गाडीच्या दारांना फटी असतात, त्यातून वायू निघून जाईल, असे उत्तर मला ग्रुपवर लगेच मिळाले. फटी असतात हे खरे, परंतु गाडी रेल्वे फाटकाशी किंवा टोलनाक्यावर दहा मिनिटे उभी राहिली, तर त्या फटींतून किती वायू बाहेर जाईल हे कोणी मोजलेले नाही. या वायूला वास नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने आधी खाली साचतो, म्हणजे मागच्या सीटवर आडवी झालेली काकू किंवा मांडीवर झोपलेले मूल त्याच्या तावडीत आधी सापडते. डोके जड होणे, धाप लागणे आणि गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीत बसलेला कोणताही माणूस ती उन्हाचीच समजून खिडकी आणखी घट्ट लावून घेईल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१८ साली आइस्क्रीम पोहोचवणाऱ्या एका गाडीत ड्राय आइसचे डबे राहिले होते. त्या गाडीतून निघालेल्या, आइस्क्रीमवाल्याच्या घरातल्याच दोन स्त्रियांपैकी एक दगावली आणि दुसरी अत्यवस्थ झाली. त्यांनी गारव्यासाठी काही केलेसुद्धा नव्हते, डबे फक्त गाडीत होते.

साध्या बर्फाने कोणी मरणार नाही, पण त्याचे गणितही हास्यास्पद आहे. घरच्या एसीला आपण ‘एक टनाचा’ म्हणतो, तो टन बर्फाचाच असतो: सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी तो एसी बाहेर टाकतो. म्हणजे तासाला जवळजवळ ३८ किलो बर्फ. लहान मोटारीचा एसीही साधारण याच ताकदीचा असतो. तेव्हा एसीइतका गारवा हवा असेल, तर पाच किलोची लादी आठ मिनिटांत संपेल, आणि शिरूर येण्याच्या किती तरी आधी काकूंच्या चपला पाण्यात तरंगू लागतील. त्यातच काचा बंद असल्याने घामाची आणि वितळलेल्या पाण्याची वाफ आतच कोंडते. शरीर गार होते ते घाम वाळल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे, आणि दमट हवेत तो वाळत नाही.

काचा बंद ठेवण्यामागे एक अर्धसत्य आहे, ते मात्र नाइलाजाने मान्य करते, कारण वारा लागला म्हणजे गार वाटणारच, ही आपली समजूतही पूर्ण खरी नाही. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापलेली असेल, तर वारा एकीकडे घाम वाळवतो आणि दुसरीकडे शरीरात उष्णता भरतो. जागतिक आरोग्य संघटनेने उन्हाळ्यासाठी दिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की तापमान ४० अंशांहून कमी असेल तरच पंखा वापरावा, त्यापुढे पंखा शरीराला तापवतो. खिडकीतून येणारा वारा म्हणजे मोठा पंखाच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जाणे ही नित्याची गोष्ट आहे आणि २०२४ च्या मे अखेरीस तिथल्या जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे जमावबंदी लागू केली होती. अशा दुपारी खिडकी उघडली तर वारा भाजतो हे बरोबर. पण खिडकी बंद केली तर काचांतून आलेले ऊन, तापलेले छप्पर, पायाशी असलेल्या पत्र्यातून येणारी इंजिनची धग आणि माणसांच्या अंगची उष्णता ही सगळी आत साठते आणि गाडीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षाही तापतो. एसी नसलेल्या गाडीत चाळीस अंशांपुढे काचेची कोणतीही स्थिती बरोबर नसते. त्या वेळी ती गाडी रस्त्यावर असणेच चूक असते, आणि हे एक वाक्य सातही सूत्रांत कुठे नाही.

ओल्या पंचाचे सूत्र निम्मे खरे आहे. वाळ्याचे पडदे आणि कूलर ज्या न्यायाने चालतात तोच हा न्याय, आणि विदर्भात तो चांगला चालतो, कारण तिथली हवा कोरडी असते. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले कापड कमाल २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चिपळूणला ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तेच कापड २९ च्या खाली जाणार नाही, त्यामुळे मेसेजमधले सरसकट ‘पंधरा अंश’ निरर्थक आहेत. शिवाय ते तापमान कापडाचे असते, गाडीतल्या हवेचे नव्हे. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत पंचा काही मिनिटांत कडक वाळतो आणि चालकाच्या बाजूला लावला तर आरसा झाकतो. तो मानेभोवती गुंडाळावा आणि दर अर्ध्या तासाने भिजवावा, एवढाच त्याचा खरा उपयोग.

पाणी कमी पिण्याचा सल्ला वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. भर उन्हात माणसाला तासाला लिटरभरसुद्धा घाम येऊ शकतो. तो घामच त्याला वाचवत असतो, आणि वाट अडवली की ताप चढतो. वय झालेल्यांना तहान उशिरा कळते, म्हणून काकूंना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत देत राहावे लागेल. वाटेत थांबायला नको म्हणून बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. त्यांना असा मेसेज म्हणजे आयते निमित्त. कांद्याबद्दल काही लिहीत नाही, तो खिशात राहिला तर निदान अपाय करत नाही.

हीटरचे सूत्र वाचताना वेडगळ वाटते आणि तरीही ते बरोबर आहे. हीटर हा इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर असल्याने तो उघडला की इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. अर्थात ती गाडीतल्यांच्या पायांवर पडते, म्हणून हा उपाय काचा उघडून, गाडी सुरक्षित जागी पोहोचेपर्यंतच करावा. त्यापुढचे सूत्र मात्र थेट भाजणारे आहे. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते आणि झाकण फिरवताक्षणी ते उकळत्या कारंज्यासारखे तोंडावर येते. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, अर्धा-पाऊण तास थांबावे. चहा प्यावा.

जुन्या गाडीवाल्यांना खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट या मेसेजमध्ये नाहीच. पद्मिनी उन्हात बंद पडते ती बहुधा पेट्रोलच्या पंपामुळे. तो इंजिनलाच जोडलेला असल्याने तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. गंमत अशी की मेकॅनिक या पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात, त्यामुळे एसी नसलेल्या गाडीलाही गारव्याची गरज असलेला एक एसी असतो. त्यावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबले की गाडी सुरू होते. ओला पंचा खरा लागतो तो इथे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तोवर त्यांच्या चालकांनी कित्येक उन्हाळे त्याच बिनएसीच्या गाडीत काढले होते. त्यांच्या सीटवर लाकडी मण्यांचे आसन असे, ते शोभेसाठी नव्हते: रेक्झिनला पाठ चिकटली की घाम वाळत नाही, मण्यांमुळे मधून हवा खेळते. पुढच्या दाराची त्रिकोणी काच ते उलटी फिरवत, म्हणजे वारा वळून थेट छातीवर येई, आणि तिरक्या बाजूची मागची काच चार बोटे उघडी ठेवत, म्हणजे तो वारा बाहेर जाई. चाळीस अंशांखाली ही व्यवस्था उत्तम चालते, आणि काकांच्या गाडीला त्या दोन्ही त्रिकोणी काचा आजही शाबूत आहेत. गेली काही वर्षे त्या उघडल्या जात नव्हत्या, इतकेच. परवा मी बिजागरीत तेल सोडले.

काकांनी ड्राय आइसचा नाद सोडला आहे. पुण्याहून पहाटे चारला निघायचे, ऊन चढायच्या आत सुमारे तीनशे किलोमीटरवरचे जालना गाठायचे, दुपार तिथल्या नातेवाइकांकडे काढायची आणि पाचनंतर चिखली, खामगाव करत अकोल्याला पोहोचायचे, असे ठरले आहे. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा अंग भट्टीसारखे तापून शुद्ध हरपू लागली, तर गाडी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा, हे मी काकांच्या डायरीत लिहून दिले आहे. रात्रीच्या टप्प्यासाठी हेडलाइटचे बल्ब बदलायचे तेवढे राहिले आहेत.