अंगणवाडी दत्तक दिल्याने पोषण आहार बंद होत नाही : खुलासा

‘संस्थेने दत्तक घेतलेली अंगणवाडी खासगी होते, मग आहाराचे पैसे पालकांना भरावे लागतात,’ असा संदेश नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा परिसरात फिरत आहे. तो निखालस चुकीचा आहे. दत्तक घेणारी संस्था रंगकाम, खेळणी, पाण्याची सोय अशी मदत करते. अंगणवाडी शासनाचीच राहते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना मोफत आहार हा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार हक्क आहे. कुपोषित मुलगी पुढे अशक्त आई होऊ शकते आणि तिचे बाळही कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणूनच आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण देणाऱ्या शासनाच्या अमृत आहार योजनेतील गरोदर मातेचे ताट, त्यातली भाकरी, डाळ, पालेभाजी, इतके मोलाचे आहे. अफवेपायी कोणत्याही मातेने ते सोडू नये. कोणी पैसे मागितल्यास अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेकडे लेखी तक्रार करावी.