दहा शब्दांचं वाक्य आणि रापण

लेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतोय: वाक्यं दहा शब्दांच्या आत आणा, बोलीतले शब्द काढून प्रमाण शब्द घाला, संगणकावर शुद्धलेखन तपासा, मग संपादकाला पैसे द्यायची गरज नाही. मी मालवणात राहून पुस्तकांचं संपादन करते. नव्या संपादकांनीही हा सल्ला खरा मानायला सुरुवात केलीय, म्हणून लिहितेय.

आधी ते दहा शब्द. ‘पाऊस थांबला, गडग्यावरून पाणी उतरलं, पाणंदीत चिखल उरला आणि त्या चिखलातून आजी पेज घेऊन शेतावर निघाली.’ शब्द सोळा, पण अडखळायला होत नाही. तोडून बघा: ‘पाणंदीत चिखल उरला. आजी शेतावर निघाली. तिच्याकडे पेज होती.’ आता आजी चिखलातून चालतच नाही. असल्या वाक्याला हात लावू नका. आता हे बघा: ‘गेल्या वर्षी मंजूर झालेल्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम रखडलं.’ नऊच शब्द, पण मंजूर काय झालं, जेटी की रस्ता? मराठीत ‘झालेल्या’ दोघांनाही लागू पडतं. लेखकाला विचारायचं आणि मगच लिहायचं, ‘जेटीकडे जाणारा रस्ता गेल्या वर्षी मंजूर झाला, पण काम रखडलं.’ शब्द वाढले तरी चालतील. कोणी काय केलं हे एका वाचनात कळतं का, ते बघा. त्यासाठी मजकूर मोठ्यानं वाचा.

बोलीच्या बाबतीत तर हा संदेश घातकच आहे. सुरुवातीच्या काळात एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या आठवणींत मी ‘रापण’ काढून ‘जाळे’ केलं. त्यांचा फोन आला, “बाय, जाळां एकट्याचां असतां, रापण गावाची असता.” होडीतून अर्धगोल फिरवून रापण सोडतात आणि तिची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं मिळून ओढतात. माझ्या एका दुरुस्तीनं ती सगळी माणसं पानावरून गेली. मी शब्द परत घातला. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकातल्या बोलीच्या शब्दांची वेगळी वही करते: खळं, पातेरा, झेला, डेख. शब्द कसा लिहायचा आणि कुठे पहिल्यांदा आला, हे त्यात असतं. शब्दाचा अर्थ वाक्यातूनच कळेल अशी जागा लेखकाला सुचवते. आणि प्रमाणभाषेचा दाखला हवा असेल, तर १९६२ साली शासनानं मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतही पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे.

शुद्धलेखन संगणकावर जरूर तपासा. पण ‘दिन’ऐवजी लिहिलेलं ‘पर्यावरण दीन’ त्याला खटकेलच असं नाही, कारण ‘दीन’ हाही शुद्ध शब्द आहे.

राहिला पैशांचा मुद्दा. संपादकाला पैसे कशाचे द्यायचे, ते लेखकाला दिसू द्या. मोबदला ठरवण्याआधी लेखकाच्या मजकुरातली दोन पानं संपादित करून पाठवा आणि प्रत्येक बदलाशेजारी समासात कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल, तर तो बदल मागे घ्या.